प्लास्टिक कचऱ्यापासून उत्प्रेरकाने इंधन तेल: मराठवाड्यातून नेहमी येणारे प्रश्न

टरबुजाच्या वावरातला मल्चिंग पेपर, खताच्या गोण्यांचे अस्तर, दुधाच्या पिशव्या, फाटलेले शेडनेट यांचे तेल करता येते का, हा प्रश्न शेतकरी गटांकडून, ग्रामपंचायतींकडून, भंगार व्यावसायिकांकडून आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून सतत येतो. तेल करता येते. ते तेल कशाच्या उपयोगाचे, हे मात्र तापवण्याच्या बंद भांड्यापेक्षा, म्हणजे रिअ‍ॅक्टरपेक्षा त्यात काय घातले यावर जास्त ठरते. खालची बहुतेक उत्तरे म्हणूनच मालाच्या निवडीकडे वळतात.

प्लास्टिकचे तेल होते म्हणजे नेमके काय होते?

पॉलिथिन ही कार्बनच्या हजारो कड्यांची साखळी आहे. डिझेलच्या रेणूत साधारण १० ते २२ कार्बन असतात, पेट्रोलच्या रेणूत ४ ते १२ आणि स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ३ ते ४. जात एकच, लांबी वेगळी. हवा लागू न देता प्लास्टिक ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की लांब साखळी तुटते, तुकडे वाफ होऊन बाहेर पडतात आणि वाफ थंड केली की तेल मिळते. याला पायरोलिसिस म्हणतात. त्याच तापमानाला हवा मिळाली तर साखळी तुटून थांबत नाही, जळून जाते. त्यामुळे हवाबंदपणा हा या कामाचा पाया आहे.

मग उत्प्रेरक (क्रिया सोपी करणारा पदार्थ) कशाला? नुसत्या उष्णतेने तुटतेच ना?

तुटते, पण कुठेही तुटते. नुसत्या उष्णतेत साखळीवर मुक्त मूलके (सुट्या इलेक्ट्रॉनचे अस्थिर तुकडे) तयार होतात आणि तुकडे लहान, मध्यम, लांब असे सगळ्या मापांचे पडतात. लांब तुकडे म्हणजे मेण. पॉलिथिन नुसते तापवले तर मिळणाऱ्या द्रवाचा मोठा भाग खोलीच्या तापमानाला गोठतो. हिवाळ्यात परभणीला पारा दहाच्या खाली गेला की असे तेल टाकीतून ओतताही येत नाही.

यात वापरले जाणारे उत्प्रेरक मुख्यतः आम्लधर्मी असतात: झिओलाइट (बारीक छिद्रांचे खनिज), सिलिका-अ‍ॅल्युमिना, आम्लाने प्रक्रिया केलेली माती. त्यांच्या पृष्ठभागावरच्या आम्ल जागी साखळीवर धनभारित कार्बन तयार होतो. तो धनभार साखळीवर सरकतो, साखळीला फांद्या फुटतात आणि धनभाराजवळचा ठरावीक बंध तुटतो. त्यामुळे तुकड्यांचे माप आवाक्यात येते. तुटण्याचे तापमानही ५० ते १०० अंशांनी उतरू शकते.

झिओलाइटची दुसरी खुबी त्याच्या छिद्रांच्या मापात आहे. मोबिल कंपनीने १९७२ मध्ये पेटंट घेतलेल्या झेडएसएम-५ ची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटरची आहेत आणि वाय झिओलाइटची सुमारे ०.७४. झेडएसएम-५ मधून बारीक रेणूच बाहेर पडतात, म्हणून गॅस आणि पेट्रोलच्या मापाचे, बेंझीन-टोल्युइन जातीचे रेणू वाढतात. वाय झिओलाइट मोठे रेणू सोडतो, म्हणून द्रव थोडा जास्त राहतो. तेलशुद्धीकरण कारखान्यांत १९४२ पासून चालत आलेले फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग, म्हणजे एफसीसी, याच रसायनावर उभे आहे.

अख्खी पॉलिमर साखळी मात्र या छिद्रांत शिरूच शकत नाही. ती आधी उष्णतेने किंवा उत्प्रेरकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तुटावी लागते, मग तुकडे आत जातात. दोन टप्प्यांची रचना याचसाठी करतात: खालच्या भांड्यात उष्णतेने तोडायचे आणि वाफ वरच्या उत्प्रेरक थरातून न्यायची.

उत्प्रेरक घातला की तेल जास्त निघते, असे यंत्र विकणारे सांगतात. खरे का?

बहुतेक वेळा उलट घडते. स्वच्छ पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनपासून नुसत्या उष्णतेने वजनाच्या ७० ते ८० टक्के तेल आणि मेण मिळून निघते. तीव्र झेडएसएम-५ वापरला तर द्रव घटतो, गॅस वाढतो. फायदा मिळतो तो प्रतीमध्ये: मेण कमी, तेल पातळ, तापमान कमी, बॅच (एका वेळची भरणी) लवकर संपते. 'उत्प्रेरकामुळे १ किलो प्लास्टिकचे १ लिटरपेक्षा जास्त तेल' असे कोणी सांगत असेल तर किलो आणि लिटर यांची गल्लत तपासा. तेलाची घनता ०.७८ च्या आसपास असते, म्हणजे ७८० ग्रॅम तेल १ लिटर दिसते. १ किलो मालात १ लिटर तेल म्हणजे ७८ टक्के उतारा. तो स्वच्छ, कोरड्या मालातच जेमतेम गाठता येतो, आणि गावच्या मालात तशी स्वच्छता क्वचितच असते.

कोणते प्लास्टिक चालते?

पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन उत्तम. म्हणजे मल्चिंग पेपर, दुधाच्या पिशव्या, साखर आणि खताच्या विणलेल्या गोण्या आणि त्यांचे आतले अस्तर, शेडनेट, बिस्किटांच्या पुड्यांची साधी वेष्टने. थर्माकोल आणि वापरून फेकायचे कप पॉलिस्टायरीनचे असतात. तेही चालते, ३५० ते ४०० अंशांतच तुटते आणि स्टायरीन देते. पण ते प्रमाणात घाला: स्टायरीन साठवणीत पुन्हा एकमेकाला जोडत जाते आणि तेल चिकट होते.

पाण्याच्या बाटल्या पेट (पीईटी) प्लास्टिकच्या असतात. त्या अजिबात घालू नका. पेटच्या वजनाचा एक तृतीयांश भाग ऑक्सिजन असतो. त्यातून तेलाऐवजी टेरेफ्थॅलिक आणि बेंझोइक आम्ल निघते, ते वाफेच्या नळीत पांढरट-पिवळ्या भुकटीसारखे साचते आणि नळी बुजते. भंगारात बाटलीला तसाही बरा भाव मिळतो. नायलॉनच्या जाळ्या आणि दोर बाजूला ठेवा, कारण त्यांतला नायट्रोजन उत्प्रेरकाच्या आम्ल जागा अडवतो. तंबाखू-सुपारीच्या चकचकीत पुड्यांत अ‍ॅल्युमिनियम आणि अनेकदा पेटचा थरही असतो. त्या एकूण मालाच्या थोड्याच भागापुरत्या ठेवा.

पीव्हीसी थोडे गेले तर काय बिघडते?

या सगळ्या प्रश्नांतला हा सर्वांत महत्त्वाचा. पीव्हीसीच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीन असतो. साधारण २५० अंशांपासून तो हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन सुटतो. हिशोब करून पाहा: १ टन मालात १ टक्का, म्हणजे १० किलो पीव्हीसी गेले तर जवळपास ६ किलो हा वायू तयार होतो. पाण्याचा अंश मिळताच त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या) नळ्या आतून खाते आणि उत्प्रेरकाचीही वाट लावते. वायू तेलाच्या वाफेबरोबर गेला तर क्लोरीन तेलाच्याच रेणूंना चिकटतो. असे तेल बर्नरमध्ये जाळले की धुरात आम्ल येते आणि धूर थंड होताना डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होण्याचा धोका असतो.

आपल्याकडे पीव्हीसी कुठून येते? वाढदिवसाच्या आणि निवडणुकीच्या फ्लेक्स फलकांतून. प्रत्येक चौकातून उतरवलेले हे फलक पिशव्यांच्या ढिगात सर्रास मिसळतात. शिवाय मोटारीचे सक्शन पाइप, बोअरचे केसिंग, वायरीचे आवरण, रेक्झिन, काही चपला. फ्लेक्स ओळखायला सोपा आहे: फाडला की आत धाग्यांची जाळी दिसते.

उपाय दोन. पहिला, निवडून बाहेर काढणे. दुसरा, जे चुकून गेले त्यासाठी ३०० ते ३२० अंशांवर बॅच तासभर थांबवणे, तेव्हा निघणारी वाफ मुख्य कंडेन्सरकडे न सोडता चुना कालवलेल्या पाण्यातून नेणे आणि मगच पुढे तापवणे. ६ किलो वायूला हिशोबाने साधारण तितकाच विरलेला चुना लागतो, प्रत्यक्षात दुप्पट, म्हणजे १२ किलो ठेवावा. दुसरा उपाय पहिल्याची जागा घेत नाही.

प्रयोगशाळा नाही. ओळखायचे कसे?

बादलीभर पाण्यात दोन थेंब भांड्यांचे साबण टाका, तुकडे बुडवून बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पेट, पीव्हीसी आणि घट्ट पॉलिस्टायरीन बुडते. थर्माकोल हवेमुळे तरंगतो, तो डोळ्यांनीच ओळखावा. स्वस्त पिशव्यांत खडूची पूड जास्त असेल तर पॉलिथिनही बुडते. तसा माल नाकारला तरी नुकसान नाही, कारण ती पूड तेल देत नाही, राखच वाढवते.

बुडालेल्या तुकड्यांसाठी तांब्याच्या तारेची चाचणी. तार ज्योतीत लाल करा, हिरवा रंग येणे थांबेपर्यंत जाळा, गरम तार तुकड्यावर टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ठळक हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून, एका लहान तुकड्यावरच करा.

मल्चिंग पेपरला माती फार असते आणि धुवायला पाणी नाही. काय करावे?

इथे इतर प्रदेशांच्या पुस्तकी सल्ल्याचा उपयोग कमी, कारण तिथे धुलाई गृहीत धरलेली असते. एप्रिल-मेमध्ये गावाला टँकर चालू असताना प्लास्टिक धुणे कोणालाच परवडणारे नाही. २५-३० मायक्रॉनचा कागद काळ्या मातीतून ओढला की मातीचे वजन कागदापेक्षा जास्त भरणे नवलाचे नाही.

कोरडी सफाई करा. कागद जमीन ओली असताना काढू नका, काळी माती तेव्हा डिंकासारखी धरते. पाणी तोडल्यावर वरचा थर सुकून ढेकळे सुटी व्हायला लागली की काढा, दोन टोकांना धरून झटका आणि दोन दिवस उन्हात पसरा. मग तळहाताएवढे तुकडे करून ८ ते १० मिलिमीटर भोकांच्या फिरत्या गोल चाळणीतून न्या. मुळे, देठ, सुतळी हाताने वेचा. वनस्पतीचे अवशेष गेले तर तेलात पाणी आणि आम्ल येते.

चाचणीसाठी १ किलो नमुना घ्या, उन्हात पूर्ण वाळवून वजन करा, मग थोड्या पाण्यात खळखळून, वाळवून पुन्हा वजन करा. पहिला फरक ओलाव्याचा, दुसरा मातीचा. माती २० टक्क्यांवर असेल तर माल परत चाळणीवर. नमुन्यापुरते दोन-तीन लिटर पाणी लागते आणि तेवढे खर्चावेच.

काळी माती हीही चिकणमातीच. तीच उत्प्रेरक म्हणून चालेल का?

प्रश्न विचारणाऱ्याचे निरीक्षण बरोबर आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे भरपूर असतात, आणि याच गटातल्या मॉन्टमोरिलोनाइटपासून आम्लप्रक्रिया करून खरोखरच क्रॅकिंगचे उत्प्रेरक बनवले गेले आहेत. पण शेतातल्या मातीच्या थरांमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम बसलेले असतात, आम्ल जागा नसतात. शिवाय चुनखडीचे खडे असतात, ते आम्ल शोषून घेतात. तशी माती रिअ‍ॅक्टरमध्ये गेली की ती नुसती उष्णता खाते आणि तळाशी भाजून थर धरते. तिच्यातला सोडियम-कॅल्शियम तर विकत घेतलेल्या उत्प्रेरकाच्या आम्ल जागाही मारतो. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी मात्र विषय सुंदर आहे: माती निवळवून बारीक चिकणभाग घ्या, सौम्य आम्लाने चुनखडी काढा, मग आम्लप्रक्रिया करून धुऊन ४५० अंशांना भाजा आणि कच्च्या मातीशी तुलना करा.

१ टन मालातून नक्की किती मिळते?

धरा की निवडलेल्या १,००० किलो मालात ५० किलो ओलावा आणि १०० किलो माती आहे. खरे प्लास्टिक ८५० किलो. त्यातून ७५ टक्के द्रव धरला तर साधारण ६४० किलो, म्हणजे ८०० लिटरच्या वर थोडे. गॅस १२५ किलोच्या आसपास. तळाशी मातीसकट १८५ किलो काळा अवशेष. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने २०१९ मध्ये दिवसाला १ टन क्षमतेचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, तेव्हा १ टन प्लास्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल असा आकडा सांगितला होता. तिथे मोठी संस्था, निवडलेला माल आणि शुद्धीकरणाची सोय होती. तुमचा आकडा याहून वर जात असेल तर वजनकाटा तपासा.

तापवायला बाहेरचे इंधन किती लागते?

सुरुवातीला लागते, पुढे स्वतःचा गॅस बहुतेक भार उचलतो. १ किलो पॉलिथिन खोलीच्या तापमानापासून ४५० अंशांपर्यंत नेऊन, वितळवून, तोडायला साधारण १.५ ते २ मेगाज्यूल लागतात आणि त्या किलोत ४३ ते ४६ मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असते. वरच्या उदाहरणात ८५० किलोला जास्तीत जास्त १,७०० मेगाज्यूल, गॅसमध्ये ५,५०० च्या आसपास. पण साध्या भट्टीची निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून जाते, म्हणून गॅस जेमतेम पुरतो. त्यात ओला माल घातला की गणित फिसकटते, कारण प्रत्येक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडेपर्यंत ३ मेगाज्यूल खाते.

एक बॅच कशी चालवतात?

२ घनमीटरचा, ढवळणी असलेला रिअ‍ॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. माल दाबून भरा, पण वरची एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा, कारण वितळलेला ओला माल फेसाळतो आणि फेस थेट वाफेच्या नळीत चढतो. झाकणाचे गॅस्केट दर बॅचला पाहा. नायट्रोजन सोडून आतली हवा काढा. भांड्याच्या तीनपट वायू गेला की ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास येतो. रिकाम्या भांड्याच्या हिशोबाने ६ घनमीटर, म्हणजे जवळपास एक पूर्ण मोठे सिलिंडर. ऑक्सिजन मीटरवर २ टक्क्यांखाली आकडा दिसल्याशिवाय बर्नर पेटवू नका.

१२० अंशांपर्यंत सावकाश, पाणी निघेपर्यंत तिथेच. मग ३०० ते ३२० अंशांवर चुन्याच्या टप्प्यासाठी तासभर. त्यानंतर वाफ मुख्य मार्गाला वळवा. ३८० पासून तेल दिसू लागते, ४२० ते ४५० या पट्ट्यात बॅचचे मुख्य काम होते. इथे घाई केली तर वाफ कंडेन्सरच्या आवाक्याबाहेर जाते, दाब चढतो आणि मेण पुढे वाहते. तेल थांबत आले की ४८० पर्यंत नेऊन अर्धा तास, म्हणजे तळातले जड भाग सुकतात. दाब वातावरणापेक्षा किंचित जास्त ठेवा, पाण्याच्या स्तंभाचे ३० ते ५० मिलिमीटर. उणे दाब कधीही नको, कारण फटीतून हवा आत ओढली जाते.

थर्मोकपल (तापमापक) तीन ठिकाणी हवेत: तळाजवळ, वितळलेल्या मालात आणि वाफेत. एकच असेल आणि तो वाफेत असेल तर तळ लाल झाल्याचे कळतच नाही. बंद करताना नायट्रोजन हळू चालू ठेवा. अवशेष ६० अंशांखाली आल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, गरम काजळी हवा लागताच पेट घेते. आदल्या बॅचचे झाकण लवकर उघडून पुढची भरण्याचा मोह या धंद्यात माणसांच्या जिवावर बेततो.

उत्प्रेरक किती, कुठे आणि किती टिकतो?

मालातच मिसळायचा असेल तर वजनाच्या २ ते ५ टक्के. सोपे आहे, पण तो माती आणि काजळीत मिसळून प्रत्येक बॅचला वाया जातो. वाफेच्या मार्गातल्या वेगळ्या नळकांड्यात २ ते ३ मिलिमीटरच्या गोळ्या भरणे आपल्याकडच्या मळक्या मालाला जास्त योग्य, कारण माती खालीच राहते. तिथे सुरुवातीला माल आणि उत्प्रेरक २० ला १ धरा आणि थर ४०० ते ४५० अंशांवर ठेवा. थर थंड राहिला तर मेण त्याच्यातच जमते.

कार्बनचा थर बसून उत्प्रेरक मरत जातो. खुणा अशा: तेल घट्ट व्हायला लागते, गॅस कमी होतो, थराच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो. मग गोळ्या जाळून शुद्ध करायच्या. आधी नायट्रोजनमध्ये थोडीशी हवा मिसळून, मिनिटाला एक-दोन अंशांनी चढवत, ५५० पर्यंत. एकदम पूर्ण हवा सोडली तर कार्बन भडकतो, आत ७०० च्या वर तापमान जाते आणि पाण्याच्या वाफेच्या साथीने झिओलाइटच्या जाळीतले अ‍ॅल्युमिनियम निखळते. ते नुकसान परत भरून निघत नाही. सोडियम आणि कॅल्शियममुळे गेलेल्या जागाही जाळून परत येत नाहीत.

तेलशुद्धीकरण कारखान्यातला वापरलेला उत्प्रेरक स्वस्त मिळतो. घ्यावा का?

त्यात काम करण्याची ताकद उरलेली असते, हे खरे. पण तो ६० ते ८० मायक्रॉनची पूड असतो. तशीच थरात भरली तर वाफ अडते आणि रिअ‍ॅक्टरचा दाब चढतो. बेंटोनाइट किंवा केओलिन बांधणी घालून, गोळ्या पाडून, भाजून वापरावा लागतो. त्यात निकेल-व्हॅनेडियम असते आणि तो घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो, म्हणून कागदपत्रांशिवाय ट्रकभर पूड उतरवून घेऊ नका.

कंडेन्सर वारंवार तुंबतो.

एकाच टप्प्यात थेट थंड पाण्याने वाफ आणली की मेण नळीच्या भिंतीवर गोठते. दोन टप्पे करा. पहिला ८० ते १०० अंशांवर, म्हणजे मेण पातळ राहून खाली गोळा होईल आणि ते परत रिअ‍ॅक्टरमध्ये घालता येईल. दुसरा ३० ते ३५ अंशांवर, हलक्या तेलासाठी. पहिला टप्पा हवेने थंड केला तर पाणीही वाचते. सगळी उष्णता कूलिंग टॉवरवर टाकली तर टनामागे ३०० ते ४०० लिटर पाणी उडून जाते. आपल्या उन्हाळ्यात पारा ४२ वर असला तरी हवा कोरडी असते, त्यामुळे टॉवर चांगले काम करतो. खरी अडचण त्यात भरायच्या पाण्याची. बोअरचे जड पाणी नळ्यांवर क्षार चढवते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी नळ्या तपासा.

हे तेल ट्रॅक्टरमध्ये किंवा डिझेल इंजिनात घातले तर?

घालू नका. इंजिन पहिले काही तास चालेल आणि फसवणूक तिथेच होते. या तेलात दुहेरी बंधांचे रेणू भरपूर असतात. ते हवा आणि उन्हाने एकमेकांना जोडून डिंक बनवतात, फिल्टर आणि इंजेक्टर बंद करतात. पेट्रोलच्या मापाचे हलके भाग वेगळे केलेले नसतील तर ते सहज पेट घेते. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दर किलोला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम आणि सीटेन अंक (इंजिनात किती सहज पेटते याचे माप) किमान ५१ लागतो. असे तेल त्या मानकात बसवायला उर्ध्वपातन, हायड्रोजनने प्रक्रिया आणि प्रत्येक टाकीची तपासणी लागते. ते छोट्या प्रकल्पाचे काम नाही. डिझेल म्हणून ते विकणे तर सरळ बेकायदा.

मग गिऱ्हाईक कोण?

भट्ट्या आणि बॉयलर. जालन्यात सळई तयार करणाऱ्या रोलिंग मिल्सच्या तापभट्ट्या आहेत, वाळूज-शेंद्रा-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत बॉयलर आहेत. या तेलाची उष्णता किलोला साधारण १०,००० किलोकॅलरी, म्हणजे फर्नेस ऑइलच्या बरोबरीची. मात्र ते पातळ असते, त्यामुळे जड तेलासाठी लावलेला नोझल आणि दाब बदलावा लागतो, नाहीतर ज्योत उसळते. गिऱ्हाइकाला प्रत्येक खेपेसोबत चार आकडे द्या: घनता, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते), पाणी आणि क्लोरीन. टिकून राहणारा व्यवहार या चार आकड्यांवर उभा राहतो. तेल अंधाऱ्या, झाकलेल्या टाकीत ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा.

परवाने कोणते?

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची संमती, तसेच प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ खाली नोंदणी. तेलाच्या साठ्यासाठी पेट्रोलियम कायदा १९३४ लागू होतो. फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली असेल तर तेल अ वर्गात, २३ ते ६५ ब वर्गात. ब वर्गाला २,५०० लिटरपर्यंत, तेही एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर, परवाना लागत नाही. अ वर्गाला ही सूट फक्त ३० लिटरची आहे. हलके भाग वेगळे न काढलेले तेल अ वर्गात जाऊ शकते, म्हणून पहिल्याच बॅचचा फ्लॅश पॉइंट तपासून घ्या. कारखाना निरीक्षक आणि अग्निशमन यांचे दाखले वेगळे.

शेतात लोखंडी ड्रमखाली जाळ करून तेल काढतात, तसे व्हिडिओ दिसतात.

करू नका. ड्रममध्ये हवा आहे, दाब सोडायची वाट नाही, निघणारा गॅस उघड्यावर आणि जाळ शेजारीच.

ठिबकच्या जुन्या नळ्याही यात घालाव्यात का?

नाही. लॅटरल म्हणजे चांगले पॉलिथिन. ते धुऊन, वितळवून, दाणे पाडून पुन्हा पाइप होतो. तेल करून जाळले की प्रत्येक किलोमागे ३ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि माल कायमचा संपतो. शेततळ्याचा जाड कागद, पाण्याच्या फुटक्या टाक्या, कॅरेट यांचेही तेच. उत्पादकांच्या जबाबदारीविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तेलनिर्मिती पुनर्वापरात न धरता शेवटची विल्हेवाट म्हणून धरली आहे, आणि पुनर्वापर होऊ न शकणाऱ्या प्लास्टिकसाठीच. मातीने भरलेला, उन्हाने भुगा झालेला मल्चिंग पेपर हा तिचा खरा माल.

टायर चालतील का?

नाही. टायरमध्ये गंधक असते, तेल वेगळे आणि नियमही वेगळे.

कमी तापमानाची नवी पद्धत आली आहे म्हणतात.

हायड्रोजनच्या साथीने तोडण्याची, म्हणजे हायड्रोक्रॅकिंगची. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये टंगस्टन-झिर्कोनियाच्या आधारावरचे प्लॅटिनम आणि वाय झिओलाइट मिळून वापरले आणि २२५ ते २५० अंशांच्या पट्ट्यात पॉलिथिनसारख्या प्लास्टिकचे पेट्रोल, विमानइंधन आणि डिझेलच्या मापाचे द्रव केले. हायड्रोजनमुळे दुहेरी बंध भरले जातात, म्हणून डिंकाचा प्रश्न मिटतो. पण ३० बार दाबाचा हायड्रोजन, प्लॅटिनम आणि क्लोरीनमुक्त माल या तीन अटी पाहता ही पद्धत सध्या तालुक्याच्या ठिकाणी नेण्याजोगी नाही.

एका गावाने प्रकल्प टाकावा का?

एका गावाचा माल पुरत नाही, आणि सुटा माल आणणे हेच मोठे खर्चाचे कलम. सुट्या फिल्मचे एका घनमीटरला ३० ते ५० किलो भरतात. छोटा हत्ती शिगोशीग भरला तरी दीडशे-दोनशे किलोच नेतो. हाताच्या किंवा हायड्रॉलिक दाबयंत्राने गठ्ठे बांधले तर तीच गाडी आपल्या पूर्ण वजनाने जाते. गावात निवड, चाळण, दाब आणि प्रकल्प तालुक्याला, अशी वाटणी जमते. मल्चिंगचा माल एप्रिल ते जूनमध्ये एकदम येतो, वर्षभर पुरवायचा असतो. गठ्ठे मृगाच्या आधी पत्र्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच, दोन ढिगांत गाडी जाईल एवढी मोकळी वाट ठेवून रचा. न बांधलेला ढीग आवारात ठेवला की कोणीतरी पेटवतो. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये मनाई केली असून साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या ढिगाला २५,००० रुपये दंड ठरवला आहे.

तळाचा काळा अवशेष शेतात खत म्हणून टाकता येईल का?

नाही. तो दिसायला कोळशाच्या भुकटीसारखा असला तरी त्यात रंगद्रव्यांतले शिसे-कॅडमियम, चुन्याचे क्लोराइड, तेलकट अंश आणि तुमचाच जुना उत्प्रेरक असू शकतो. तपासणी करून घ्या आणि सिमेंट भट्टीकडे किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवा. तोवर गोण्यांत भरून, गच्च बांधून, फरशीवर आणि छताखाली ठेवा. पहिल्या पावसात ओघळून हा अवशेष विहिरीकडे गेला तर त्या विहिरीचे पाणी पुन्हा पिण्यालायक करणे फार अवघड जाते.